झडप नसलेली शेगडी

एंडेलबद्दल बंदरावरची माणसे म्हणत, की या माणसाला थंडी वाजली की तो होडीला भोके पाडतो. त्याचा शेजारी कारेल आपली बोट सप्टेंबर सरताच क्रेनने उचलून शेडमध्ये ठेवी आणि मग दुसऱ्यांच्या होड्यांवर मते देण्यास मोकळा होई. तो तर पुढे जाऊन म्हणे, "सहा भोकं झाली. सातवं तळाला पाडलं की एंडेल कायमचा निवांत होईल."

भोकांची गोष्ट खरी होती. मात्र ती त्याची पहिली युक्ती नव्हती; शेवटची होती.

एंडेल उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या सारेमा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर चाळीस वर्षे चुली बांधत आला होता. आमच्या भागातल्या बहुतेक घरांच्या उबेमागे त्याचा हात असे. त्याची थोरली बहीण साल्मे समोरच्या हल्लासार बेटावर सात मेंढ्यांसह एकटी राहत होती. उन्हाळ्यात तिकडे टपालाची बोट जाते. समुद्र गोठला की माणसे बर्फावरून चालत जातात. ऑक्टोबरपासून बर्फ धरेपर्यंतचे अडीच महिने मात्र तिकडे कोणी जात नाही. त्याच दिवसांत, एका शरद ऋतूत साल्मे विहिरीपाशी घसरली आणि अर्धा दिवस ओल्या गवतात पडून राहिली. फोन घरात, टेबलावर होता.

वसंतात तिचा मुलगा तार्मो राजधानीतून आला आणि एंडेलच्या स्वयंपाकघरात कोट न काढताच बसला.

"मामा, दर पंधरा दिवसांनी कुणीतरी तिच्या दारात उभं राहिलं पाहिजे. नाहीतर येत्या नोव्हेंबरात, मार्टिनच्या सणाला ती माझ्या फ्लॅटमध्ये असेल. तिसरा मार्ग असेल तर सांग."

"मी जाईन."

"कशातून? त्या शिडाच्या डबड्यातून? नोव्हेंबरात?"

"डबडं नाही ते. थंड आहे, एवढंच."

साल्मेला विचारले, तेव्हा ती फोनवर एवढेच म्हणाली, "फ्लॅटच्या खिडकीतून मी कुणाची मेंढरं बघू?"

उघड्या मोटरबोटीने हल्लासार दोन तासांवर आहे. परंतु नोव्हेंबरात वारा फिरला, की मधल्या खडकाळ बेटाच्या आडोशाला नांगर टाकून दिवस-दोन दिवस काढावे लागतात, आणि उघड्या बोटीत थांबलेला माणूस गोठतो. एंडेलला वेगाने जाणारी नव्हे, थांबता येईल अशी होडी हवी होती. त्याची होडी साडेसहा मीटरची होती आणि तिच्या डेकखालच्या छोट्या खोलीत बसूनच वावरावे लागे. त्या उन्हाळ्यात त्याने एकही चूल बांधायला घेतली नाही.

खोलीच्या भिंतींना त्याने आतून बुचाच्या लाकडाचे तक्ते चिकटवले आणि त्यांवर साल्मेच्या मेंढ्यांच्या लोकरीचा दाबून केलेला जाड नमदा बसवला. खिडक्यांना आतून दुसरी काच आली. गादीखाली जुनिपरच्या झुडपाच्या फांद्यांची जाळी आली, म्हणजे खालून हवा खेळावी. डेकच्या रंगात त्याने वाळू कालवली, कारण गोठलेल्या डेकवर पाय घसरला तर पुढचे सगळे आपोआप होते. शिडाचे दोर त्याने मागे सुकाणूपाशी आणले आणि बसण्याच्या जागेवर कॅनव्हासचे छत उभारले, म्हणजे पुढे जाण्याचे कामच उरू नये. पाण्यात पडल्यास वर चढता यावे म्हणून मागे शिडी लावली. सगळ्यात शेवटी त्याने बादलीएवढी पोलादी शेगडी जोडली आणि तिच्या धुराड्यात झडप बसवली. झडपेविना चूल त्याने आयुष्यात बांधली नव्हती.

आमच्याकडे जाळ विझून निखारे काळवंडले, की धुराड्याची झडप आत ढकलतात, म्हणजे ऊब घरातच राहते. हे कोणी शिकवत नाही. हात आपला आपण तिकडे जातो. ओंडक्यांच्या घराच्या फटीत शेवाळ ठासतात, तेही तसेच. एंडेलने होडीच्या प्रत्येक फटीत शेवाळ ठासले, हवेचे झरोके लाकडाने बुजवले आणि सप्टेंबरात बंदरातच दोन दिवस राहून पाहायचे ठरवले.

पहिल्या सकाळी छत ठिबकत होते आणि पांघरूण पिळण्याजोगे झाले होते. त्याने शेगडीत अधिक लाकूड घातले आणि अधिक शेवाळ ठासले. दुसऱ्या सकाळी त्याची बायको वेल्वे कॉफी घेऊन धक्क्यावर आली. तिने दार वाजवले. पुन्हा वाजवले. मग ते ओढून उघडले. एंडेल गादीवर बसला होता, चेहरा राखेसारखा, हातात बुटाची नाडी, आणि ती कशी बांधतात हे त्याला आठवत नव्हते.

वेल्वेने त्याला काखेत धरून बाहेर ओढले. तो काठावर वाकून ओकला. त्याच्या डोळ्यांत ओळख परतेपर्यंत तिने त्याची कॉलर सोडली नाही. मग म्हणाली, "चाळीस वर्षं लोकांना सांगत आलास, झडप लवकर ढकलू नका, विषारी वायू कोंडतो."

"निखारे काळे होते."

"अक्कल काळी झाली होती. कॉफी पी."

कारेलकडे फोन असल्यामुळे ही बातमी दुपारपर्यंत राजधानीत पोहोचली. फोनवर तार्मोचा आवाज थंड होता. "एक म्हातारं माणूस वाचवताना दुसरं घालवायचं नाही मला. दहा नोव्हेंबरला, मार्टिनच्या सणाला, मी मच्छीमारांची बोट घेऊन आईला न्यायला जातोय."

"ये दहा तारखेला," एंडेल म्हणाला. "मी तिथंच असेन."

त्या दुपारी तो होडीच्या उघड्या दारात बराच वेळ शेगडीकडे पाहत बसला. ज्या खोलीत माणूस उभाही राहू शकत नाही, तिला घराचे नियम लावले, एवढीच त्याची चूक होती. पण तेच नियम तो आयुष्यभर जगला होता. संध्याकाळ होण्यापूर्वी त्याने करवतीने झडप कापून काढली. दुसऱ्या दिवशी सगळे शेवाळ उपसले. शेगडीमागे खाली बाहेरची हवा आत घेणारे एक भोक पाडले, छताला दोन पाडून त्यांवर टोप्या बसवल्या, आणि ओल साचते त्या कप्प्यांच्या दारांना तीन. गादीच्या उशाशी विषारी वायू ओळखणारा भोंगा टांगला. वेल्वेच्या सांगण्यावरून पायथ्याशी दुसरा.

कारेल काठावर येऊन उभा राहिला. "मार्टिनच्या सणाची काळ्या तोंडाची सोंगं दारावर यायला अजून दीड-दोन महिने आहेत रे. तू आत्तापासून काजळी फासून फिरतोस?"

"पाना दे तो."

"अरे, पण सगळी ऊब बाहेर जाईल!"

"जाऊ दे. ओलही जाईल तिच्यासोबत. लाकूड आहे माझ्याकडे. पाना."

कारेलने पाना दिला आणि संध्याकाळी सगळ्यांना सहा भोकांची गोष्ट सांगितली.

ऑक्टोबरात एंडेल दोनदा हल्लासारला जाऊन आला. त्याने साल्मेची लाकडे फोडली, विहिरीपाशी खडी टाकली. तार्मो म्हणाला, "शांत हवेत कुणीही जाईल." आठ नोव्हेंबरला एंडेल पुन्हा निघाला. निम्म्या वाटेवर वायव्येचा वारा उठला आणि त्याने खडकाळ बेटाच्या आडोशाला नांगर टाकला. तिथे फोन लागत नाही. दोन दिवस किनाऱ्यावरून कोणालाही त्याचा ठावठिकाणा कळला नाही. कारेलनेही या काळात विनोद केला नाही. तो दुर्बीण घेऊन धक्क्यावर येत-जात राहिला.

दहा तारखेच्या सकाळी वारा मंदावला. हल्लासारच्या धक्क्यावर मच्छीमारांची बोट लागली होती. साल्मेची बॅग फळ्यांवर ठेवलेली होती, आणि बॅगेशेजारी, कोणाकडेही न पाहता, साल्मे. तार्मो तटरक्षकांना फोन लावत असतानाच टोकाच्या खडकाआडून लहानसे शीड आले. कठड्यांवर बर्फाचा थर होता आणि धुराड्यातून बारीक धूर निघत होता.

"दोर धर," एंडेल म्हणाला.

तार्मोने दोर बांधला आणि तो होडीत उतरला. आत शिरताच त्याच्या चष्म्यावर वाफ धरली, आणि पुसण्यापूर्वीच उडून गेली. त्याने लोकरीच्या भिंतीवरून हात फिरवला. हात कोरडा आला. फळीवरच्या पेटीतली काडी पहिल्याच घासण्यात पेटली. मागोमाग उतरलेल्या साल्मेने मिठाची बाटली उलटी केली. मीठ वाळूसारखे सांडले.

"माझ्या घरात गठ्ठा होतो याचा," ती म्हणाली.

तार्मो गादीवर बसला. थोड्या वेळाने त्याने कोट काढला. "दोन दिवस काय करत होतास, मामा?"

"वाटाण्याचं सूप केलं. झोपलो."

"आम्ही इथं…"  तार्मोने छताच्या भोकाखाली हात धरून पाहिला. "अडुसष्ट वर्षांचा आहेस तू. हे असं किती दिवस चालवणार?"

एंडेलने शेगडीत एक लाकूड सरकवले.

"बर्फ धरेपर्यंत. मग चालत येईन. बॅग घरात ठेव तिची."