सोनं कोणाला, मेथी कोणाची

मोताळ्याच्या आमच्या शाळेत मी रुजू झालो, त्या दिवशी इतिहासाच्या उषाताई इंगळे मुख्याध्यापकांशी भांडत होत्या. जगाचा नकाशा कपाटात बंद ठेवायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. "पोरं फाडतील," म्हणून सर अडलेले. "फाटला त चिकटवू," म्हणत बाई नकाशा घेऊन गेल्यासुद्धा. साठीच्या या गौरवग्रंथात त्यांना कोणी शांत, सोज्ज्वळ वगैरे म्हणेल, तर माझा ठाम विरोध नोंदवून ठेवा.

नववीला कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या शोधाबद्दल शिकवताना त्यांनी मैदानाच्या कोपऱ्यात पिवळे रंगवलेले खडे पुरले आणि मुलांना शोधायला सोडलं. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "परसबागेत सापडलं!" झालं. बाई धावत पोचेपर्यंत सातवीच्या मुलींनी वाढवलेले मेथीचे वाफे उकरून झाले होते.

"बाई, आमची मेथी काऊन उपटली यायनं?" एक मुलगी रडतच म्हणाली.

बाईंनी सातवीपुढे हात जोडून माफी मागितली. मग नववीकडे वळल्या. "तिथंही असंच झालं. सोन्यापायी आलेल्यायनं नद्या गढूळ केल्या, पहिल्यापासून राहणाऱ्यायले हुसकलं. आता सांगा, सोनं कोणाले भेटलं अन् मेथी कोणाची गेली?" दुसऱ्या दिवशी नववीनंच नवे वाफे घालून दिले.

मुख्याध्यापक मात्र हटून बसले. हा धडा चुकला, पुन्हा घेणार नाही, असं लिहून द्या. नाहीतर जळगाव जामोदच्याही पलीकडे बदलीची शिफारस करतो.

"पोरींची माफी मांगतली. धड्याची नाही मांगत," बाई म्हणाल्या. "करा बदली. तिथंही मैदान असनच."

बदली झाली नाही. धडा दरवर्षी झाला.

त्यांची मायाही अशीच रोखठोक. माझी आई दवाखान्यात असताना त्यांनी माझे तास घेतले, वर डबा पाठवला. आभार मानायला गेलो, तर रागावल्या.

बाई निवृत्त झाल्या, धडा माझ्याकडे आला. यंदा मलाही वरून निरोप आला, तो खेळ बंद करा. मी नाही म्हणालो. सोमवारी नववी खणणार आहे. सातवीच्या मुलींना आधी विचारलं, तर त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "खणा सर, पण मेथीले हात लावून त पाहा!"

बाई, तब्येत सांभाळा, शंभरी गाठा. या पोरींचं भांडण बघायला तुम्ही ठणठणीत पाहिजे.