स्टेशनापर्यंतच तर जायचं
ट्रेव्हर ऑल्डरॉइड हा स्किप्टन गावातला सगळ्यात शहाणा माणूस, असं त्याचं स्वतःचं ठाम मत होतं. दुसरं कुणी तसं म्हटल्याचं शेजारच्या जॅनिस पिकल्सने सव्वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. लीड्सच्या कचेरीत हा गृहस्थ फायली इकडच्या तिकडे करायचा आणि उरलेल्या वेळात जगाला अक्कल शिकवायचा.

दोघंही रोज स्टेशनाबाहेर आपापली मोटार लावून लीड्सची आगगाडी पकडत. फलाटावर त्याचं प्रवचन ठरलेलं.

"विमावाले विचारतात, मोटारीने कामावर ये-जा करता का? बावळट लोक 'हो' म्हणतात आणि जास्त पैसे मोजतात. अगं, मी मोटार कामावर नेतोच कुठे? स्टेशनावर नेतो. स्टेशनात काय मी नोकरीला आहे? माझ्या विमा कंपनीने हे लेखी कबूल केलंय मला!"

इतक्या ठसक्यात बोलणारा माणूस थापा कशाला मारेल, असं वाटण्याइतकी जॅनिस भोळी होती. पुढच्या वेळी विमा भरताना तिने 'कामावर ये-जा' काढून टाकलं आणि नुसता घरगुती वापर ठेवला.

जानेवारीत एका सकाळी स्टेशनाच्या फाटकाशी तिची मोटार बर्फावरून घसरली आणि दगडी भिंतीवर आदळली. तिला खरचटलंही नाही, पण मोटारीचा पार चेंदामेंदा झाला.

"कुठे निघाला होतात?" विमा कंपनीतल्या मुलीने फोनवर विचारलं.

"आगगाडी पकडायला. कामावर."

"मग ती कामावरचीच ये-जा झाली, बाई. मोटार स्टेशनावर सोडलीत तरी. तुमच्या विम्यात ती नाही."

भरपाई नाकारली गेली. दुसरी मोटार घेण्याची तिची ऐपत नव्हती. आणि आई होती लांब माळरानावरच्या वृद्धाश्रमात, जिथे रविवारी बस जात नाही. जॅनिसला सुट्टी तेवढीच, आणि आई आता ओळखायची ती फक्त तिला.

या नकाराविरुद्ध तक्रार करता येत होती. संध्याकाळी ती ट्रेव्हरच्या दारात उभी राहिली. "तुमचं ते लेखी पत्र द्या ना, तक्रारीला जोडते."

"ते होय... जुनं झालं गं... बघावं लागेल," ट्रेव्हर चहाच्या कपात बघत पुटपुटला.

"कसलं पत्र?" त्याची बायको हिल्डा म्हणाली. "विम्याचे सगळे कागद इथेच तर आहेत." तिने खण उघडून गठ्ठा जॅनिसच्या हातात दिला.

पत्रबित्र काही नव्हतंच. पॉलिसीवर मात्र स्वच्छ छापलेलं होतं: घरगुती वापर, आणि कामावर ये-जा. गेल्या वर्षीच्या कागदावर तेच, त्याआधीच्याही.

"तुम्ही स्वतः जास्तीचे पैसे भरत होतात?"

"माणसाने सावध नको का राहायला? मी आपलं तत्त्वाचं बोलत होतो. तू लगेच मनावर घेशील, हे मला काय ठाऊक!"

"हा?" हिल्डा फिस्सकन हसली. "हा तर कुलूप लावून तीनदा ओढून बघतो. भित्रा मेला!"

जॅनिसला वाटलं होतं, आपण रडू किंवा ओरडू. प्रत्यक्षात तिला नुसती किळस आली. या टिनपाट माणसाचं आपण ऐकलं, याची तर जास्तच.

"रविवारी साडेनऊला मला आईकडे सोडायचं," ती म्हणाली. "चारला परत आणायचं. मी दुसरी मोटार घेईपर्यंत दर रविवारी. ते घरगुती वापरातच मोडतं."

"पण रविवारी माझं..."

"येईल तो," हिल्डा म्हणाली.

जॅनिसने कागद टेबलावर टाकले. "आणि ट्रेव्हर, जाता-येता तोंडातून एक अक्षर काढायचं नाही."