खळ्याच्या मधली रास

काल शिरूरच्या कॉलेजात शिकवत असताना खिडकीतून बाजरीच्या भुसाचा वास आला. खडू हातात तसाच राहिला आणि मला आमचं कवठ्याचं खळं दिसलं.

तेव्हा आई जाऊन दोनच महिने झाले होते. मी गणिताच्या एमएस्सीच्या सुट्टीत घरी आले होते आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला परतणार होते. सारवलेली जमीन उन्हानं अजून उबदार होती. वडील, म्हणजे आमचे आबा, कडेला बसले होते.

"काय शिकतीस गं तिकडं?"

मी आईचा खराटा उचलला आणि मधली बाजरीची रास चहूबाजूंनी कडेला लोटली. "हेच, आबा. मधला सगळा भार कडेवर असा पसरायचा, की बाहेरच्याला त्याची ओढ, पृथ्वी दगडाला ओढते तशी, पहिल्यासारखीच वाटावी. कुठं किती पसरायचा, ते खळ्याच्या आकारावर ठरतं. विहिरीकडच्या त्या अडचणीच्या कोपऱ्यात अगदी थोडा जाईल."

आबांनी चार दाणे उचलून तळहातावर चोळले.

"म्हंजी मधलं गेलं, तरी भायेरच्याला कळत न्हाई?"

"नाही कळत."

"आन् आतल्याला?"

किती नेमका प्रश्न! मी हरखून गेले. "आत मात्र फरक पडतो, आबा. जिथं रास होती तिथं तर सगळ्यात जास्त."

रिकाम्या झालेल्या मधल्या जागेकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"व्हय," ते म्हणाले. "पडतो."

तेव्हा मला वाटलं, आबांना माझं गणित समजलं.