रामवती आणि वरच्या खोलीतल्या चार मुली

रामवती गेली. टीबीने. एकतिसाव्या वर्षी.

बऱ्या होणाऱ्या आजाराने माणूस जातं, तेव्हा राग कुणावर काढायचा तेवढं सांगा मला.

शहरात, शिंदे की छावनी मोहल्ल्यातल्या आमच्या घरी वरच्या खोलीत ती सहा वर्षं राहिली. सहरिया आदिवासी. तिच्या गावातली पहिली ग्रॅज्युएट.

दरवर्षी गावाकडच्या मुली आणायची, कॉलेजात घालायची, स्वतःजवळ ठेवायची. संस्था नाही, बोर्ड नाही, फोटो नाही.

मी चिडायची, "और कितनी लाएगी?"

"जितनी आपकी सीढ़ियाँ चढ़ लें, दीदी."

चैतात अख्खी गावं कापणीला बाहेर पडतात. मुलीही जातात. नेमक्या परीक्षा तेव्हाच. मग रामवती शेतंच्या शेतं हिंडून आपल्या मुली शोधून आणायची.

यंदाही गेली. खोकत गेली, चौघींना घेऊन आली.

आणि मी काय केलं? आल्याचा काढा दिला!

आमच्या घरांत खोकला म्हणजे काढा. तिच्या वस्तीत खोकला म्हणजे आधी टीबीची तपासणी, हे तीच सगळ्यांना सांगत फिरायची.

शेवटी मी विचारलंच, "फिर तू क्यों नहीं कराती?"

"बीमारी का नाम निकला तो बाप लोग लड़कियाँ ले जाएँगे, दीदी. पेपर हो जाने दो."

मी ऐकलं. हात धरून ओढत न्यायला हवं होतं तिला. नाही नेलं. हे मला आयुष्यभर पुरेल.

ती दवाखान्यात भरती झाली तेव्हाच चौघींची तपासणी करून घेतली. सगळ्या ठीक.

परवा ती गेली. काल चौघींचे वडील आले.

मी रिपोर्ट दाखवले. म्हटलं, दोनच पेपर राहिलेत, मी सांभाळते, जेवणखाण माझ्याकडे.

एक जण हात जोडून म्हणाले, "आप भली हो बहनजी. पर हमाए में की नईं हो."

खरं तेच बोलले.

सगळ्यांत धाकटी सुनीता दारात अडून राहिली. "दो पेपर हैं बापू. दे के आ जाऊँगी."

बापाने सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिची पिशवी उचलली.

आज पेपर होता. मी सकाळी चार डबे भरून बसले होते, वेड्यासारखी.

रामवती, तुझ्या मुली मला थांबवता आल्या नाहीत गं.

माफ कर. शांत झोप.