आज ऐकू नाय आलं

चर्चच्या वेदीच्या पायरीवर सरांनी माझ्या हातातून वाचनाचं पुस्तक काढून घेतलं. भर मिस्सेत, रविवारची प्रार्थना चालू असताना. पवित्र शास्त्रातलं पहिलं वाचन माझं होतं. यादीत नाव माझं होतं.

"तू बस. आज पाहुणे आलेत," सर हळूच म्हणाले. "तुझं वाचन म्हणजे ताजी पापलेटं घ्या, ताजी पापलेटं."

पहिल्या बाकावरचे दोघं-तिघं हसले. मी म्हटलं, "सॉरी सर." आणि जाऊन बसले.

ते सॉरी अजून तोंडात कडू आहे.

सर म्हणजे आमच्या चर्चमध्ये कोण कधी वाचणार ते ठरवणारे. बँकेतून मोठ्या हुद्द्यावर रिटायर झालेले. ठाण्याच्या खाडीकाठी आमच्या गावाची भातखाचरं होती, तिथल्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहतात. माझी आई कळव्याच्या बाजारात मासळी विकते. घरातली पहिली बी.ए. मी.

माझ्या जागी सरांची भाची वाचायला गेली. भरभर, तोंडातल्या तोंडात. कुणाचं काही अडलं नाही. सगळ्यांच्या हातात त्याच वाचनाची छापील पत्रिका. माना खाली. सगळं चर्च एकदम पान उलटतं तो आवाज ऐकलाय कधी? देव बोलतोय आणि माणसं मेनूकार्ड वाचतायत.

माझ्या आईला वाचता येत नाही. तिचं सगळं पवित्र शास्त्र कानातून आत गेलंय. मी घरी सराव करायला बसले की ती उठून जायची. "नको ऐकवू गो. घरात तू माझी पोर. तिथं उभी राहिलीस का देव बोलतो. तवाच ऐकीन." मिस्सा सुटली की ती तडक सांतानमावशीकडे. मावशी शेजारची, अंथरुणाला खिळलेली. आई तिला ऐकलेलं सगळं सांगायची. आईच्या तोंडी देवाचे संदेष्टेसुद्धा बाजारात भांडल्यासारखे भांडायचे.

त्या रविवारी मीही आईच्या मागोमाग गेले. मावशीने उशीवरून मान वळवली.

"काय आणलंस आज?"

आई दारातच थांबली. "आज काय नाय गो. आज ऐकू नाय आलं."

"नि तुझी पोर कुठं होती?"

मी तिच्या मागेच उभी होते.

घरी येऊन मी तेच वाचन पुन्हा उघडलं. गुरं राखणारा एक साधा माणूस. देव त्याला बोलायला पाठवतो. देवळाचा याजक त्याला हाकलतो. हे राजाचं ठिकाण, तू तुझ्या मुलखात जाऊन बोल. तो हलत नाही. सांगतो, मला गुरांमागून उचलून देवाने पाठवलंय. सराव करून करून मला ते पाठ झालेलं. कळलं त्या दिवशी.

पुढच्या महिन्यात यादीत परत माझं वाचन आलं. सर पायरीवर उभे. हात पुढे.

"तुला सांगितलेलं ना?"

"सर, हात बाजूला घ्या."

पुस्तक सोडलं नाही. वर गेले. माइकसमोर उभी राहिले.

"कागद खाली ठेवा. ऐका."

फादरांनी चमकून बघितलं. मी थांबले. कागदांची खसखस थांबेपर्यंत थांबले. सरांनी पत्रिका खाली ठेवली नाही. नको ठेवू देत. मी वाचलं. मासळीबाजारातल्या आवाजात. त्याच आवाजाने मला कॉलेजात घातलंय. शेवटच्या बाकापर्यंत गेला तो. वाचून झाल्यावर सगळे म्हणाले, "देवाला धन्यवाद." त्यात आईचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

त्याच आठवड्यात यादीतून माझं नाव गेलं. सर म्हणतात, लेखी माफी दे, मग बघू. फादर म्हणाले, "दे ना लिहून बाळा. दोन ओळींचं तर काम."

मी बी.ए. आहे. दोन ओळी मला लिहिता येतात. लिहिणार नाही. एक सॉरी दिलं, त्याचं काय झालं ते मावशीच्या दारात बघून आलेय.

येत्या रविवारी आईला मी सर्वांत पुढच्या बाकावर बसवणार आहे. पाहुण्यांच्या बाकावर. वाचणारा कुणी का असेना. ऐकू येईल असं वाचलं तर मी मान खाली घालून ऐकेन. पुटपुटला तर तिथल्या तिथे उभी राहीन आणि म्हणेन, ऐकू नाय आलं. परत वाचा.