वाढत्या अंगाचा कोट

माझे मोठे दीर वासुदेवराव, म्हणजे घरादाराचे अण्णा. त्यांच्याइतका गरीब स्वभावाचा माणूस बेंगळुरातल्या अख्ख्या बळेपेटेत नव्हता, आणि त्यांच्याइतका वैतागही मला जन्मात कुणी दिला नाही. दोन्ही खरं आहे.

घराणं पिढीजात शिंप्यांचं. कधीकाळी पूर्वज या बेंगळुरात आले आणि इथलेच झाले. मी निपाणीची, लग्न होऊन आलेली. दुकानात अण्णांच्या हाताखालून गेलेला कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर असा बसायचा की बाकीच्या शिंप्यांनी येऊन बघून जावं. पण घरच्या पोरांना म्हणाल तर त्यांनी कधी टेप लावली नाही. दाराशी उभं करायचे, एक डोळा बारीक करून बघायचे, ‘स्वल्प मोठाच बरा’ म्हणायचे आणि कात्री चालवायचे. स्वल्प म्हणजे कानडीत थोडं. यांचं थोडं म्हणजे काय, तर कोट गुडघ्याच्या खाली आणि बाह्या बोटांच्या वीतभर पुढे! मी काही बोलले की उत्तर ठरलेलं. ‘वाढतं अंग आहे, पुष्पा. पुढच्या वर्षी बरोबर येईल.’ पुढच्या वर्षी हे पुन्हा नवा शिवायचे, पुन्हा तेवढाच ढगळ. म्हणजे बरोबर कधी यायचा, देव जाणे.

दुसरं वेड सव्वीस जानेवारीच्या परेडचं. त्या दिवशी दुकान बंद, आणि घरातल्या सगळ्या पोरांना घेऊन अण्णा पहाटेच्या बसनं परेडच्या मैदानावर. का, तर पलटणीतल्या लोकांच्या अंगावर कपडे कसे बसतात ते बघायला! पोरांना घोडे बघायचे असतात, यांना शिलाई. बरं, राष्ट्रगीताच्या वेळी पोरांनी नाक जरी खाजवलं तरी डोळे वटारायचे. ‘ताठ उभं राहायचं, हलायचं नाही’ हा धडा आदल्या रात्री अंगणात गिरवून घ्यायचे.

एकसष्ट साली माझा रघू चार वर्षांचा होता. डिसेंबरात त्याला न्यूमोनिया झाला. पोर हातचं जातं की काय, अशी पाळी आली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, ‘छातीला वारा लागू देऊ नका. पुन्हा उलटलं तर माझ्या हातात काही नाही.’ आणि अण्णा महिन्याभरात परेडचं काढून बसले!

“अण्णा, तो येणार नाही,” मी सरळ सांगितलं. झालं. रघूनं भोकाड पसरलं. अण्णांची प्रेमा दहा वर्षांची, ती म्हणाली, रघू नाही तर मीपण नाही. माझ्या जाऊबाई पद्मावतीअक्का तेवढ्या खाली मान घालून तांदूळ निवडत राहिल्या. अण्णा मऊ आवाजात म्हणाले, “जाड फ्लॅनेलचा कोट शिवलाय त्याला. वारा शिरायचा नाही. तू पण चल, मग तर झालं?” आमचे हे कारखान्याच्या पाळीला, म्हणजे मला पाठीशी घालणारं कुणी नाही. आलीया भोगासी असावे सादर. निघाले.

थंडी म्हणजे काय थंडी! जानेवारीतलं बेंगळूर पहाटे बोचतं. मैदानावर धुकं, गवतावर दव, माझी पावलं बधिर. प्रेमाला शू लागली. ती उरकून येतो तोवर पुढची जागा गेली. प्रेमा म्हणाली भूक लागली. डबा उघडला तर उप्पीट गारगोटी. रघूचा हात धरवेना, कारण हात होता कुठे? तो बाहीच्या आत कुठेतरी कोपराजवळ! शेवटी मी बाहीचं टोकच मुठीत धरलं. अण्णा मात्र टाचा उंचावून खुशीत. “पुष्पा, बघ, बघ, खांदा काय बेतलाय!” माझ्या मनात आलं, खांदा गेला चुलीत, इथे नाकाचा शेंडा उरला नाही.

तेवढ्यात घोडेस्वार आले. मागून गर्दीचा लोंढा असा आला की मी दोन पावलं पुढे ढकलले गेले. रघू हिसके देतोय असं वाटलं. ‘गप उभा राहा’ म्हणून मी बाही जोरात ओढली, आणि कोट हातात आला. नुसता कोट! शेंगेतून दाणा निसटावा तसं पोर खालून निसटलं होतं. बटणं लावलेलीच होती, हो! इतका ढगळ तो कोट.

“रघू!” मी ओरडले, आणि त्याच क्षणी बँडवर राष्ट्रगीत सुरू झालं.

आता काय करावं सांगा. हजारो माणसं एकदम खांबासारखी ताठ. मी पुढच्या माणसाला बाजूला सारायला गेले तर तो दगडासारखा हलेना. दोराजवळच्या पोलिसानं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. माझं आजारातून उठलेलं पोर पातळ सदऱ्यावर त्या गारठ्यात, घोड्यांच्या पायांत की कुठे, आणि मी हातात रिकामा कोट घेऊन उभी.  

मी अण्णांकडे पाहिलं. माझ्या हातातला कोट त्यांना दिसला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आणि तो माणूस, जो पोरांना नाक खाजवू देत नसे, तो भर राष्ट्रगीतात दोराखालून वाकला आणि मैदानात धावत सुटला. “रघू! ए रघू!” सगळीकडे शांतता आणि यांची ती हाक. लोक मान न हलवता जळजळीत बघत होते. पोलीस मागे धावला. अण्णांचं धोतर सुटायला आलं, एक वहाण मागे राहिली.

पण एक झालं. सगळे गोठल्यासारखे उभे, त्यामुळे हलणारं जे काही होतं ते लगेच दिसत होतं. हलत होते तीनच जण. अण्णा, पोलीस, आणि पार तिकडे घोड्यांच्या मागे दुडदुडत जाणारा एक पांढरा सदरा. अण्णांनी त्याला गाठलं, उचललं आणि आपल्या कोटाच्या आत छातीशी दाबलं.

गीत संपलं. पोलिसानं दंडाला धरून त्यांना आमच्याकडे आणून सोडलं. लाज नाही का, म्हातारे झालात, असं कानडीत फैलावर घेत होता. अण्णा ‘सरी, सरी’ म्हणत होते, म्हणजे बरं बरं. रघूचे दातांवर दात वाजत होते आणि तो सांगत होता, “आई, घोड्यानं शी केली!”

मग माझा ताबा सुटला. थोरल्या दिरापुढे आवाज चढवायचा नाही ही आमच्या घरची रीत. त्या दिवशी ती मी मैदानावर सोडून दिली. “हा कोट आहे की उशीचा अभ्रा? साऱ्या गावाला मापानं शिवता, आणि घरच्या पोराला का नाही? का? टेपेला काय काटे लागलेत? आज माझं पोर गेलं असतं, अण्णा, तुमच्या या वाढत्या अंगापायी!” आजूबाजूचे लोक परेड सोडून आमच्याकडे बघायला लागले. प्रेमा रडायला लागली.

अण्णा खाली बसले, रघूला कोटात घातलं, एकेक बटण तपासलं. मग मान खाली ठेवूनच म्हणाले, “मापानं शिवला होता, पुष्पा. एकदा. आमच्या थोरल्याला. टेप लावून, अगदी बरोबर शिवला. तो त्याच मापाचा राहिला.”

प्रेमाच्या आधी अक्कांना एक मुलगा होता, तो लहानपणीच गेला, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. घरात कुणी त्याचं नाव काढत नसे. कोटाचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

 रागाच्या ऐन भरात असताना असं काही सांगायचं, ही कुठली पद्धत झाली? मला धड रागावताही येईना आणि धड रडताही येईना. मी अण्णांची वहाण शोधायला गेले.

देवाची कृपा, रघूला साधी शिंकसुद्धा आली नाही. प्रेमाला मात्र सर्दी झाली आणि मला ताप. आठवडाभर अक्कांच्या हातचा काढा पीत मी कुरकुरत पडले होते.

पुढच्या थंडीत अण्णांनी रघूला दाराशी उभं केलं, एक डोळा बारीक केला आणि हळूच माझ्याकडे बघितलं. हातात खडू, पण कापडाला लावेनात. म्हणाले, “यंदा तू सांगशील तसा शिवतो.”

मी कणीक मळत होते. हात न थांबवता म्हटलं, “बाह्या मी आतून दुमडून टाके घालीन, त्याची तुम्ही काळजी करू नका. उंचीला अजून चार बोटं सोडा. पोरगं वाढायचंय.”