बारक्याची काळी खिडकी

बारक्या गेला त्याला महिना झाला. माझा धाकटा भाऊ. लोक येतात, म्हणतात फार गुणी होता. गुणी कसला, जेवायला कधी धड बसला नाही. घास तोंडात आणि फोन कानाला.

पार्सलच्या गोदामात कॉम्प्युटरचं काम त्याचं. पडद्यावर काळी खिडकी असते बघा, तिच्यात टाइप करायचं, मग ती सांगते पार्सल कुठल्या फळीवर आहे. त्यानेच बनवलेली. पण जरा चुकलं की 'चूक बावीस' म्हणायची आणि गप्प. बावीस म्हणजे काय ते फक्त याला माहीत. मग सगळे त्यालाच फोन लावणार. शेवटी साहेब म्हणाले, "आठवड्यात हे फोन थांबव, नाहीतर दुसरी नोकरी बघ."

बारक्याने घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि मला शिवणाच्या मशीनवरून उठवलं. "ताई, इथे बस आणि चुका कर."

"चुका करायला मीच सापडले?"

"तुझ्याएवढं मनापासून कोणी चुकत नाही."

मी काहीबाही बडवलं. खिडकीत आलं, 'अवैध मापदंड'. मी म्हटलं, "कोर्टात उभं केलंस का रे मला? काय चुकलं ते सांग, आता काय करू ते सांग." त्याने ते खोडून लिहिलं, 'पार्सलचा नंबर राहिला. असं लिहा: शोध ४५१७.' मग मी 'मदत' लिहिलं तर चार पानं धावत सुटली. म्हटलं, "पाणी मागितलं तर विहीर कशी खणली ते सांगत बसतोस!" फुगला जरा. पण कापली पानं, वर नुसती उदाहरणं ठेवली.

आठवड्याने साहेब स्वतः तपासायला बसले. मुद्दाम एक सणसणीत शिवी टाइप केली. बारक्या आणि बाकी सगळे मागे उभे. खिडकीत आलं, 'हे इथे चालत नाही. पार्सल हवं असेल तर लिहा: शोध, आणि पुढे नंबर.'

साहेब हसू दाबत म्हणाले, "माझ्याशी घरीसुद्धा एवढं नीट कोणी बोलत नाही. राहा बाबा तू."

फोन थांबले. ताट एका बैठकीत रिकामं व्हायला लागलं. मला वाटलं, सुटला एकदाचा.

परवा गोदामातल्या बाई भेटायला आल्या. डोळे पुसता पुसता हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "आमचे फोन थांबले, मग रोज दुपारी तुमचे भाऊच आम्हाला फोन करायचे हो. काय, आज कोणीच चुकलं नाही का?"